जेऊरचं सुतक

मंगळवारी सकाळी पावणेसातला सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या देवीच्या गाभाऱ्याला विश्वस्तांनी कुलूप घातलं. आत पूजा अर्धी झाली होती. देवीचं स्नान झालं होतं, वस्त्र नेसवायचं राहिलं होतं. पुजारी शरच्चंद्र ओल्या सोवळ्यात सभामंडपात उभे होते आणि मंगळवारची गर्दी त्यांच्याकडे बघत होती.

झालं ते एका साध्या प्रश्नामुळे. नीलम्मा मॅडम आई रत्नम्माला घेऊन अभिषेकाला आल्या होत्या. त्या एका खाजगी शाळेत सातवीच्या वर्गशिक्षिका. शरच्चंद्रांना गाभाऱ्यात बघून त्यांनी काळजीने विचारलं, तुमच्याकडे सुतक आहे ना, मग आजचा अभिषेक कुणी दुसरे गुरुजी करणार का? आमच्या लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, त्यामुळे तुमचे नियम मला ठाऊक नाहीत, असंही त्यांनी वर सांगितलं. शरच्चंद्र म्हणाले, आमच्यात कुणी गेलेलं नाही. नीलम्मा गोंधळल्या. तुमच्या अवधूतची ज्ञानदा माझ्या वर्गात आहे, तिच्या आईने स्वतः फोन केला होता, जेऊरचे चुलत आजोबा वारले, घरी दहा दिवस सुतक, पोरगी शाळेत येणार नाही, असं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. रांगेतल्या बायकांनी पदर आवरून घेतले. कुणीतरी बाहेर जाऊन इंद्रजीतना फोन लावला. इंद्रजीत हे तरुण विश्वस्त, बांधकामाच्या धंद्यातले, घर कोपऱ्यावर. ते चहा टाकून आले आणि त्यांनी पडदा ओढून गाभाऱ्याला कुलूप घातलं.

त्याच वेळी ज्ञानदाची आई वैदेही मुन्नारला हॉटेलच्या गॅलरीत शाल लपेटून बसली होती. समोर चहाचे मळे होते, धुकं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासाठी नाश्ता बनवत होतं. फोन वाजला. दादांचा, म्हणजे शरच्चंद्रांचा. ते नवऱ्याचे, अवधूतचे थोरले चुलतभाऊ. तिला सहसा थेट फोन करत नसत.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कुठे कोण गेलं?"

"जेऊरला. कोण गेलं?"

वैदेहीच्या लक्षात आलं. तिने शाल नीट केली. "कुणी नाही, दादा," ती म्हणाली. "शाळेसाठी सांगितलं होतं."

मग शरच्चंद्र म्हणाले, "मी ओल्यानं उभा आहे," आणि फोन ठेवला.

या सहलीची गोष्ट दिवाळीच्याही आधीपासूनची. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी वैदेही आणि अवधूत कुठे गेले नव्हते. अवधूत महापालिकेत कारकून, वैदेही पतसंस्थेत. त्यात देवळाची सेवा. ती दोन घरांत वाटलेली: तीन महिने शरच्चंद्रांची पाळी, तीन महिने अवधूतची. अवधूतची पाळी चालू असली की तो पहाटे देवळात, दहाला कचेरीत, संध्याकाळी पुन्हा देवळात. पाळी नसेल तेव्हाच गाव सोडायचं, आणि पाळी नसेल तेव्हा सुट्टी असतेच असं नाही. यंदा दिवाळीत दोन्ही जुळत होतं. तेव्हा वैदेहीने पेठेतल्याच गुरुशांतकडे चौकशी केली. तो सहलींचं बुकिंग करायचा. त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला आणि तिने तो तसाच परत ढकलला. दिवाळीच्या आठवड्यात त्याच खोलीचा, त्याच विमानाचा भाव दुपटीच्या वर होता.

गुरुशांत हसला होता. "वहिनी, डोंगर तोच, धुकं पण तेच. शाळा बंद असली की ते धुकं महाग होतंय. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जावा की. शाळा चालू असते, हॉटेलवाले माश्या मारत बसतात."

"आणि शाळेला काय सांगू?"

"सगळे काय सांगतात? कावीळ, टायफॉइड. आमच्याकडं मे महिन्यात जेवढी गिऱ्हाइकं नसतात तेवढी पोरं डिसेंबरात आजारी पडतात."

शाळेने यावर्षी सक्त सूचना काढली होती. तीन दिवसांच्या वर रजा हवी तर डॉक्टरचा दाखला. सहलीसाठी रजा अजिबात नाही. चाचणी परीक्षा बुडाली तर पुन्हा घेणार नाही. चाचणी नेमकी त्याच आठवड्यात होती. डॉक्टर ओळखीचे होते, दाखला मिळाला असता. पण वैदेहीची जीभ तिथे अडली. पोरीला नसलेलं दुखणं आपल्याच तोंडाने सांगायचं आणि ते खरं ठरलं तर? लहानपणी ज्ञानदाला खरीच कावीळ झाली होती. ते नाव पुन्हा तिच्या अंगाला लावायची वैदेहीची तयारी नव्हती. सासू-सासरे गेलेले, माहेरची सगळी माणसं धडधाकट. त्यांतल्या कुणाला मारणं तर त्याहून वाईट. म्हणून तिने विचार करून असा माणूस निवडला जो नव्हताच. घराण्याचं मूळ गाव जेऊर, एवढं तिला ठाऊक होतं. तिथे आता कुणी उरलेलं नाही असं सासूबाई सांगायच्या. तेव्हा जेऊरचे चुलत आजोबा वारले. कुणाचं नुकसान नाही, कुणाला दृष्ट नाही, आणि सुतक म्हटल्यावर शाळेत दाखला मागत नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी ज्ञानदाने विचारलं होतं, "आई, आजोबा दिसायला कसे होते? मॅडमनी विचारलं तर?"

"उंच होते म्हणून सांग," वैदेही म्हणाली होती. "आणि फोटो कुठे टाकायचे नाहीत."

तिच्या डोक्यात फक्त शाळा होती. पुजाऱ्याच्या घरात सुतक हा शब्द शाळेच्या दारातून बाहेर पडला की तो कुठवर जातो, याचा विचार तिने केला नाही. जो मेला तो अवधूतच्या भावकीतला, म्हणजे शरच्चंद्रांच्याही. त्याने दोघांनाही विटाळ. आणि शरच्चंद्र तर रोज गाभाऱ्यात.

अवधूतला ती काय सांगणार होती हे माहीत नव्हतं. शाळेचं तू बघ, एवढंच तो म्हणाला होता. मुन्नारच्या त्या गॅलरीत त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजारी म्हणायला काय झालं होतं?"

"तुम्ही म्हणायचं होतंत मग. फोन करायला तुम्हाला कुणी अडवलं नव्हतं."

त्यानंतर तो परतीच्या तिकिटांच्या मागे लागला. स्वस्तातल्या बुकिंगची अट साधी असते: बदललं की गेलं. हॉटेलने पुढच्या दिवसांचं काही परत दिलं नाही, विमानाची तिकिटं नव्याने काढावी लागली. शाळा चालू असताना जाऊन जे वाचवलं होतं ते कोचीच्या विमानतळावरच संपलं. ज्ञानदाने विचारलं, आपण हत्ती कधी बघणार. अवधूत बॅगा घेऊन रांगेत जाऊन उभा राहिला.

गुरुवारी सकाळी ते सोलापुरात उतरले. बोळाच्या तोंडाशीच रुक्मिणी, शरच्चंद्रांची बायको, भाजीची पिशवी घेऊन उभी होती. तिचं घर समोरचं. तिने आधी बॅगांकडे पाहिलं, मग वैदेहीच्या नव्या शालीकडे.

"आलात का पिंडदान करून?" ती म्हणाली.

वैदेहीने रिक्षावाल्याला पैसे दिले. जाऊबाई, आत बसून बोलू, असं ती म्हणाली. पण रुक्मिणीला आत बसायचं नव्हतं. तिला बोळातच बोलायचं होतं, आणि दोन खिडक्या उघडेपर्यंत तिने आवाज चढवला नाही. उघडल्यावर चढवला. तीस वर्षं माझा नवरा देवीला हात लावतोय, कधी कुणी बोट दाखवलं नाही, परवा लोकांनी त्याच्या हातचं तीर्थ ओतून टाकलं, असं तिने सांगितलं. बाहेरचे गुरुजी आणून देवीला वस्त्र नेसवलं. अन्नदान ठेवलेल्या दोघांनी शब्द परत घेतला.

"दर कमी होते म्हणून माणूस मारलास," ती म्हणाली. "जास्त असते तर निदान कुणी जगलं असतं."

वरच्या खिडकीत कुणीतरी हसलं. वैदेहीला ते हसणं रुक्मिणीच्या बोलण्याहून जास्त लागलं.

"तुम्ही कुठे गेला नाहीत म्हणून आम्ही जायचं नाही का?" ती म्हणाली.

हे बोलायला नको होतं. रुक्मिणी खरंच कुठे गेली नव्हती. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि समोरचं दार आतून लावून घेतलं.

संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. इंद्रजीत मध्ये, दोन वयस्कर विश्वस्त बाजूला, एका अंगाला शरच्चंद्र, दुसऱ्या अंगाला अवधूत. वैदेहीला खांबाशी सतरंजीवर बसवलं होतं. नीलम्मा मॅडमना मुद्दाम बोलावलं होतं; त्या पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या आणि कुणाकडे बघत नव्हत्या. त्यांना मुख्याध्यापिकांनी सकाळीच बोलावून विचारलं होतं, की तोंडी निरोपावर तुम्ही इतकी रजा मंजूर कशी केली.

प्रश्न काय होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. पौष लागताच अवधूतची पाळी सुरू होणार होती, आणि तिच्यातच शाकंभरीचं नवरात्र. इंद्रजीतना वंशपरंपरेचे पुजारी काढून पगारी नेमायचे होते. हे ते दोन वर्षं बोलून दाखवत होते. आता त्यांना कारण मिळालं होतं. अवधूतच्या बाबतीत त्याची पाळी राहते की जाते, एवढंच ठरायचं होतं. अवधूतच्या वडिलांनी मरायच्या आधी त्याच्याकडून एकच कबुली घेतली होती, ती या पाळीची. तो कचेरीत कारकून होता, देवळात पुजारी. लोक वाकत ते देवळात.

वैदेहीने सरळ सांगितलं. कुणी वारलं नाही. मी शाळेला खोटं सांगितलं. माझ्या मुलीला सहलीला न्यायचं होतं, सुट्टीत परवडत नाही, म्हणून. अवधूतना हे माहीत नव्हतं, दादांना तर नव्हतंच. सुतक नाही, तर विटाळही नाही.

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात," इंद्रजीत म्हणाले.

"शाळेशी."

"सुतकाचं खोटं. पुजाऱ्याच्या बायकोनं." ते वयस्कर विश्वस्तांकडे वळले. "उद्या या घरात खरंच कुणी गेलं आणि यांनी लपवलं, तर आपल्याला कळणार कसं?"

वैदेहीला एवढ्यावर थांबता आलं असतं. पण इंद्रजीतांचा मुलगा ज्ञानदाच्याच शाळेत होता, आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

"तुमच्या पृथ्वीराजला मागच्या जानेवारीत कावीळ झाली होती ना?" ती म्हणाली. "दुबईत बरी झाली म्हणे."

नीलम्मांनी पहिल्यांदाच मान वर केली. वयस्कर विश्वस्तांतला एक जण खोकला. इंद्रजीतांच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. पण नंतर ते तिच्याशी एकदाही थेट बोलले नाहीत. यांच्याबद्दल, या बाईंबद्दल, असंच बोलत राहिले. अवधूतने कपाळाला हात लावला.

मग शरच्चंद्र उठले. त्यांनी उपरणं खांद्यावर नीट घेतलं आणि शांतपणे बोलायला सुरुवात केली. वैदेहीला वाटलं, आता ते आपल्या बाजूने साक्ष देतील. कुणी मेलं नाही हे ठरण्यात त्यांचाही फायदा होता. सगळ्यांना तसंच वाटलं.

ते म्हणाले, जेऊरला कुणी उरलं नाही असं वैदेही म्हणते, ते तिला माहीत नाही म्हणून. श्राद्धाला मी नावं घेतो, मला माहीत आहे. आमच्या आजोबांचे चुलतभाऊ जेऊरलाच राहिले. त्यांचा धाकटा मुलगा नागनाथ. आम्ही नागनाथआप्पा म्हणायचो. माझ्या मुंजीला आले होते. आज असतील तर नव्वदीच्या घरात असतील.

"असतील तर," ते पुन्हा म्हणाले.

अवधूतने मान वळवली. "दादा, काय म्हणायचंय तुम्हाला?"

शरच्चंद्रांनी त्याच्याकडे न बघता विश्वस्तांना समजावलं. सुतक मरणाने लागत नाही, मरणाची बातमी कळल्याने लागतं. ज्याला कळलं त्याने पाळायचं. ज्याच्या कानावरच आलं नाही त्याला दोष नाही. नागनाथआप्पा गेले असतील आणि ती खबर फक्त अवधूतच्या घरी आली असेल, तर मी मंगळवारी गाभाऱ्यात होतो तो निर्दोष होतो. दोष ज्यांनी ऐकलं आणि सांगितलं नाही त्यांचा. त्यांनी सुतकात विमानातून हिंडावं, हॉटेलात खावं, आणि भावकीला अंधारात ठेवावं. असं करणाऱ्याची पाळी आपल्या देवळात कायमची बंद होते. माझ्या वडिलांच्या हयातीत एका घराची झालेली आहे.

वैदेही उठून उभी राहिली.

"दादा, तुम्हाला माहीत आहे मी खोटं बोलले."

"मला काय माहीत आहे?" शरच्चंद्र म्हणाले. "मला तू दोन गोष्टी सांगितल्यास. एक मॅडमना, एक मला. एक खोटी आहे. कोणती, ते तू ठरवायचं नाहीस."

"मी त्या माणसाचं नावसुद्धा आत्ता ऐकते आहे."

"मग चुलत आजोबा म्हणालीस ते कसं जुळलं? आणि जेऊरचेच कसे?"

जुळलं होतं, एवढंच. इंद्रजीतांनी मोबाइल खाली ठेवला. त्यांना हा तिढा आवडलेला दिसत होता. एक पाळी आत्ता बंद झाली तर दुसरी बंद करायला वेळ लागणार नव्हता, आणि हे शरच्चंद्रांच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं. किंवा आलं असेल आणि आधी अवधूतची जावी, एवढ्यावर ते समाधानी असतील. ठरलं ते असं: रविवारी सकाळी पुन्हा बसायचं. नागनाथआप्पा जिवंत असतील तर अवधूतची पाळी राहील, खोटं बोलल्याबद्दल देवीपुढे माफी मागायची. नसतील तर पाळी गेली.

नीलम्मा निघताना वैदेहीपाशी थांबल्या. शाळेला मृत्यूचा दाखला लागेल, त्यांनी सांगितलं. तो नसेल तर लेखी माफी, आणि चाचणीत शून्य. मला तुमच्यामुळे नोटीस मिळाली आहे, हेही त्यांनी त्याच आवाजात सांगितलं.

रात्री जेवताना अवधूत एकच वाक्य बोलला. "म्हणजे आप्पा गेले असतील तर ज्ञानदा सुटते," तो म्हणाला, "आणि मी जातो." वैदेहीने भात त्याच्या पानात वाढला आणि पातेलं जरा जोरात ठेवलं.

शुक्रवारी दोघं रेल्वेने जेऊरला गेले. मोहोळपर्यंत अवधूत डब्याच्या दाराशीच उभा होता. पुढे कुर्डुवाडी आल्यावर अवधूतने भेळ घेतली आणि पुडा दोघांच्या मध्ये ठेवला. स्टेशनवरून विचारत विचारत गेल्यावर गावाच्या कडेला ते घर सापडलं. पत्र्याचं, दाराला कडी, कडीला तार गुंडाळलेली. अंगणात पेरूचं झाड होतं आणि त्याखाली पाला साठलेला होता. बराच.

शेजारच्या अंगणात मथुराबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. साठीच्या पुढच्या, नजर तिखट. त्यांनी दोघांना चांगलं न्याहाळलं.

"पुजाऱ्याच्या घरचं काय तुमी?" त्या म्हणाल्या. "सोलापूरचं?"

अवधूत म्हणाला, हो. आप्पांना भेटायचं होतं.

"हितं न्हाईत ते. लेकीकडं गेल्यात, तिकडं कर्नाटकात, इंडीला. दीडएक वरीस झालं की." त्यांनी शेंग तोडली. "सकाळी बी एक मानूस आलतं. गोरं, उंच, उपरणंवालं. त्यानं इचारलं, आप्पा कवा गेले? आन तुमी इचारताय, आप्पा हाईत का. एकाच घरचं न्हवं तुमी?"

वैदेही पायरीवर बसली. आप्पांची तब्येत कशी होती, ते परत येणार होते का, काही निरोप आला होता का, हे सगळं तिने विचारलं. मथुराबाई म्हणाल्या, जाताना त्यांना धरून गाडीत बसवावं लागलं. लेक म्हणाली, दिवाळीला आणते. ती दिवाळी गेली, ही बी गेली. निरोप नाही. पाला झाडायला पण कुणी आलं नाही.

"त्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर तुम्हाला कळवलं असतं ना?" वैदेहीने विचारलं.

"मला कशाला कळवत्याल? म्या कोन त्यांची?" मथुराबाई म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "बाई, तुमाला काय पायजे? ते हाईत असं पायजे का न्हाईत असं?"

"आहेत असं," वैदेही म्हणाली.

"त्या मानसाला न्हाईत असं पायजे हुतं," मथुराबाई म्हणाल्या. "लई गोड बोलत हुता."

त्यांच्या मोबाइलमध्ये लेकीचा नंबर होता, तो त्यांनी दिला. सकाळच्या माणसालाही दिला होता. जेऊरच्या फलाटावरून अवधूतने तो दोनदा लावला. एकदा लागला. लेक नसावी, दुसऱ्याच कुणा बाईने उचलला आणि भराभरा कन्नडमध्ये काही विचारलं. अवधूतला देवळापुरतं कन्नड येत होतं: या, बसा, प्रसाद घ्या. त्याने आप्पांचं नाव घेतलं, बाईने आणखी काही विचारलं, त्याने पुन्हा नाव घेतलं. फोन कट झाला.

सोलापुरात उतरल्यावर वैदेही घरी गेली नाही. ती थेट नीलम्मांकडे गेली. कन्नड बोलणारी, रविवारी बैठकीत जिच्या शब्दाला वजन असेल अशी एवढीच बाई तिला ठाऊक होती. नीलम्मांनी तिला आत घेतलं. पण बसा म्हणाल्या नाहीत. कोचावर रत्नम्मा टीव्ही बघत होत्या. त्यांनी आवाज कमी केला आणि बघत राहिल्या.

"मी हे तुमच्यासाठी करत नाही," नीलम्मा म्हणाल्या. "मला सोमवारी शाळेत खरं काय ते सांगायचंय."

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. तीच बाई बोलत होती. नीलम्मांनी आपण कोण ते सांगितलं, जेऊरच्या आजोबांची चौकशी करायची आहे म्हणाल्या. पलीकडून उत्तर आलं, "अज्जार इल्ल्री." नीलम्मांनी विचारलं, कुठे गेलेत, कधी येतील? पलीकडे दुसऱ्या कुणाचा तरी आवाज आला, दरडावल्यासारखा, आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागला नाही.

"काय म्हणाली?" वैदेहीने विचारलं.

"आजोबा नाहीत, म्हणाली."

"नाहीत म्हणजे?"

"नाहीत म्हणजे नाहीत," नीलम्मा म्हणाल्या. "बाहेर गेले तरी इल्ला, वारले तरी इल्ला. तुमच्यात वेगळं काही म्हणतात का?"

"आवाज कसा होता तिचा? रडवेला वगैरे?"

"घाईचा होता."

रत्नम्मा कोचावरून कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या. वैदेहीने नीलम्मांकडे पाहिलं. नीलम्मांनी जरा वेळाने अर्थ सांगितला. "आई म्हणते, त्या माणसाचं तुम्ही सगळ्यांनी मिळून काय ते एकदाचं करून टाका."

वैदेही जिना उतरली. रविवारी काय सांगणार, असं तिने दारातून विचारलं होतं. जे ऐकलं तेच सांगणार, असं नीलम्मा म्हणाल्या होत्या. एक शब्द इकडे नाही, एक तिकडे नाही.

शनिवारी दुपारपर्यंतची हकिगत अशी. शरच्चंद्र सकाळच्या विजापूर गाडीने इंडीला गेले. रुक्मिणीने त्यांचा डबा बोळातून, सगळ्यांना दिसेल असा, हातात धरून नेला. त्यानंतर तासाभराने अवधूत मोटरसायकल काढून त्याच दिशेला निघाला. जाताना त्याने वैदेहीला काही सांगितलं नाही. इंद्रजीतांनी उद्याच्या बैठकीसाठी बाहेरच्या गुरुजींनाही बोलावलं आहे. इंडीचा नंबर कालपासून बंद लागतो आहे. वैदेही तो दर थोड्या वेळाने लावते. ज्ञानदाने तिला विचारलं, आजोबा खरंच आहेत का; वैदेहीने तिला अभ्यासाला बसायला सांगितलं. दुपारी अडीचच्या सुमाराला अवधूतचा एक मेसेज आला: घर सापडलं, दाराशी दादा बसले आहेत, आत कुणी घेत नाही.

त्यानंतर त्याच्याकडून काही कळलेलं नाही.